कामठेकाकांचा शेवटचा हात

मच्छिंद्र कामठे यांना लग्नाचा कंटाळा आला होता. स्वतःच्या नव्हे. स्वतःच्या लग्नात कंटाळायला लागते तेवढी फुरसत त्यांना आणि शैलाबाईंना कधी मिळालीच नव्हती. कंटाळा होता तो लोकांच्या लग्नांचा.

बिबवेवाडीत एका पिठाच्या गिरणीच्या वर त्यांची कामाची खोली होती. सकाळी अंघोळ-देवपूजा आटोपून ते जिना चढत, संगणक सुरू करत आणि कोणाच्या तरी लग्नात शिरत. ना निमंत्रण, ना जेवण. नवरी बांगड्यांकडे बघतेय. नवरा उगाचच बाहीचं बटण लावतोय. नवरीची आई फोटोग्राफरने सांगितल्याबरोबर डोळ्याला पदर लावतेय. हॉल बदलत, आडनावं बदलत, पण नवरी आपली बांगड्यांकडेच बघे. खालून गिरणीची घरघर, वरून पत्र्याचं ऊन आणि समोर कोणाच्या तरी मामाचं अर्धवट मिटलेल्या डोळ्यांचं तोंड, अशात त्यांचा दिवस जाई. मान आखडली की ते उठून खिडकीशी उभे राहत, मग परत येऊन त्याच मामासमोर बसत.

फोटो काढणारा वेगळा आणि त्यांचे रंग नीट करून अल्बम लावणारा वेगळा, हे ज्यांच्या कपाटात अल्बम आहे त्यांनाही बहुतेक ठाऊक नसतं. फोटोग्राफर हार्डडिस्क आणून टाकतात आणि पुढच्या लग्नाला पळतात. मग कामठे बसतात. हॉलवाल्याने लावलेल्या जांभळ्या दिव्यांमुळे अख्खं वऱ्हाड वांग्याच्या रंगाचं झालेलं असतं, त्याला माणसात आणायचं काम त्यांचं. पुण्याच्या दक्षिणेकडच्या धंद्यात त्यांच्याइतकी रंगाची नजर कोणाला नाही, असं लोक म्हणत. कामठे स्वतः असं काही म्हणत नसत, पण कोणी म्हणालं तर थांबवतही नसत.

त्यांचा एकच नियम होता, मूळ फोटोला हात लावायचा नाही. हा नियम पुस्तकातून आलेला नव्हता. तरुणपणी ते सातारा रस्त्यावरच्या एका स्टुडिओत निगेटिव्ह सफाईला होते. चेहऱ्यावरचे डाग बारीक ब्रशने झाकायचे, टोकदार पात्याने खरवडायचे. एकदा पातं सटकलं आणि एका नवरदेवाच्या गालावर कायमचा ओरखडा आला. ते लग्न परत लागणार नव्हतं. पुढे संगणक आला आणि त्यात ॲडजस्टमेंट लेअर नावाची गोष्ट पाहिली, तेव्हा त्यांना एकदम सुटल्यासारखं वाटलं. ॲडजस्टमेंट लेअर म्हणजे फोटोवर ठेवलेली काच समजा. फोटो खाली जसाच्या तसा. उजेड वाढवायचा त्याची एक काच, लाल कमी करायचा त्याची दुसरी. अंधारात बसलेल्या आजींचाच चेहरा उजळायचा असेल तर मास्क लावून काच तेवढ्यापुरती उघडी ठेवायची. नाही पटलं, तर काच उचलून बाजूला ठेवायची. चूक झाली तरी कोणाच्या गालावर ओरखडा नाही.

शिवाय काम झपाट्याने होई. मंडपातला एक फोटो नीट बसला की तोच लेअरचा संच उचलून मंडपातल्या सगळ्या फोटोंवर टाकायचा. हॉलमधल्यांना हॉलचा, संध्याकाळच्यांना संध्याकाळचा. दुसरे लोक एकेक फोटो कुरवाळत बसत, तोवर कामठ्यांची पानं लागून झालेली असत. आणि सगळ्या लेअरच्या वर, अख्ख्या अल्बमला एकच, असा त्यांचा एक खास लेअर असे. त्याला त्यांनी नाव दिलं होतं ‘शेवटचा हात’. रंगांचा अखेरचा तोल त्यात साधलेला. तो ते दर वेळी नव्याने करत नसत. मागच्या लग्नाचा उचलायचा, या लग्नावर ठेवायचा, डोळ्याला जरा खटकलं तर किंचित इकडेतिकडे सरकवायचं. झालं.

पडद्यावर कुठेही बाण नेला की तिथे लाल, हिरवा, निळा किती ते आकड्यांत दिसतं. पांढऱ्यावर नेला तर तिन्ही आकडे सारखे हवेत, हे नवशिक्यालाही शिकवतात. कामठे तिकडे ढुंकून बघत नसत. “आकडे बघूनच रंग करायचे तर मी बँकेत नसतो लागलो?” असं म्हणत.

अलीकडे मात्र सगळंच त्यांना मळकट वाटायला लागलं होतं. खोलीतली ट्यूब बदलून झाली. पडदा जुना झाला म्हणून नवा आणला, तोही महिन्याभरात पिवळट वाटू लागला. संध्याकाळी स्कूटरवरून घरी जाताना समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे फुटल्यासारखे पसरत. शैलाबाई म्हणाल्या, “अहो, डोळे दाखवून घ्या.” ते म्हणाले, “सीझन संपू दे.” पुण्यात लग्नाचा सीझन संपतो कधी, हे शैलाबाईंनी विचारलं नाही.

त्यातही ताप म्हणजे अल्बम छापणारे प्रेसवाले. कधीमधी छापून आलेला अल्बम हाती पडला, की तो त्यांना पिवळा दिसे. प्रेसवाल्यांच्या नावाने बोटं मोडत ते पुढच्या अल्बमच्या ‘शेवटच्या हातात’ निळा थोडा वाढवून ठेवत. प्रेस पिवळं छापणार असेल तर आपण आधीच सावध असलेलं बरं.

त्यांच्याकडचं बरंचसं काम ऋषीचं होतं. ऋषी एकेकाळी त्यांच्याच शेजारच्या खुर्चीवर बसून हे सगळं शिकला. आता त्याचा स्वारगेटजवळ स्वतःचा स्टुडिओ होता, हाताखाली माणसं होती, ड्रोन होता. कामठे अल्बमची पानं सगळ्या लेअरसकट त्याला पाठवत, तो ती बघून प्रेसला देई आणि मग फोन करी. “काका, पार्टी खूश. रंग बघून विचारत होते, कोणी केलंय?” एवढ्यावर कामठ्यांचा आठवडा निघे. थकलेल्या माणसाला आणखी काय लागतं? पाठ दुखायची, मान दुखायची, लग्नं नकोशी व्हायची, पण रंग आपला होता. रंग गेला तर उरतं ते नुसतं पानं लावणं, आणि पानं काय, कोणीही लावतं.

एका शनिवारी दुपारी एक मुलगी जिना चढून आली. एका हातात अल्बमची पेटी, दुसऱ्या हातात कापडी पिशवी.

“कामठेकाका आपणच ना? मी निकिता. भीमराव कांबळ्यांची मुलगी, इथं जवळच, अप्परला राहतो आम्ही. अल्बमच्या मागे आपला नंबर होता.”

कामठ्यांना लग्न लगेच आठवलं. आवडलेल्या लग्नांपैकी होतं ते. बुद्धमूर्तीसमोर मेणबत्त्या, नवरा-नवरी दोघंही पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, वंदना, परिणय, जेवण. डोळ्यावर येणारे दिवे नाहीत आणि नवरीने एकदाही बांगड्यांकडे बघितलेलं नाही. शिवाय फोटोंवरच्या वेळा बघता लग्न पत्रिकेत छापलेल्या वेळेला लागलं होतं, याचंच त्यांना जास्त अप्रूप वाटलं होतं. त्याच आठवड्यात ऋषीला मुलगी झाली होती. तो दवाखान्यात अडकलेला, म्हणून कामठ्यांनी हा एक अल्बम परस्पर प्रेसला पाठवला होता.

“काय झालं? पान सुटलंय का?”

“नाही. काका, माझी साडी निळी आलीय.”

कामठ्यांनी अल्बम उघडला. पहिलं पान, दुसरं पान. झकास पांढरी साडी. “पांढरीच आहे की.”

“निळी आहे. सगळ्यांचीच. ह्यांचा कुर्तासुद्धा.”

“तुम्ही घरी दिव्याखाली बघितला असेल. इकडे खिडकीशी या.”

खिडकीशी येऊन निकिताने पिशवीतून साडी काढली आणि अल्बमच्या पानावर ठेवली. “ही बघा. आईने ह्या साडीसाठी अख्खा लक्ष्मी रोड पालथा घातला. मोतिया नको, दुधाळ नको, पांढरी म्हणजे पांढरी. आणि अल्बम बघून आता तीच विचारतेय, माझ्या पोरीच्या लग्नात नीळ कोणी घातली?”

कामठ्यांनी साडी पाहिली, पान पाहिलं. पान स्वच्छ होतं. पिवळी होती ती साडी.

“साडीच पिवळी पडलीय,” ते म्हणाले. “रेशीम आहे. घामाने पडतं.”

निकिताचा चेहरा पडला. “एकदाच नेसलीय काका. ड्रायक्लीन करून ठेवलीय.”

कामठे चिडले. बिनपावसाची दुपार, गिरणीची घरघर, मान आखडलेली, आणि काल लग्न झालेली मुलगी त्यांना पांढरा रंग शिकवणार. तेवढ्यात शैलाबाई जेवणाचा डबा परत न्यायला वर आल्या, तर त्यांनाच साक्षीला उभं केलं. “शैला, सांग यांना. यातलं पांढरं कुठलं?”

शैलाबाईंनी दोन्ही पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. “साडी पांढरी आहे. फोटोतली निळी आहे.”

“नीट बघ.”

“अहो, नीटच बघतेय.”

कामठे संगणकाशी जाऊन बसले. फाइल उघडली. बाण निकिताच्या पदरावर नेला आणि ज्या कोपऱ्याकडे त्यांनी कधी ढुंकून बघितलं नव्हतं तिकडे बघितलं. तीन आकडे. निळा बाकी दोघांना सोडून चांगलाच पुढे गेलेला. त्यांनी ‘शेवटचा हात’ बंद केला. तिन्ही आकडे एका ओळीत आले, आणि कामठ्यांच्या डोळ्यांसमोर साडी हळदीच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखी झाली.

“आता?” त्यांनी विचारलं.

“हां!” निकिता म्हणाली. “हीच. हीच माझी साडी.”

शैलाबाईंनीही मान डोलावली. खोलीतल्या तिघांपैकी दोघींना पांढरं दिसत होतं. तिसऱ्याची रोजीरोटी त्यावर होती आणि त्याला पिवळं दिसत होतं.

“अल्बम ठेवून जा,” ते म्हणाले. “नवा करून देतो. आईंना सांगा, चूक माझी आहे. साडीला बोललो तेही चुकलंच.”

निकिता दारापर्यंत गेली आणि थांबली. मघाचा राग तिच्या आवाजात राहिला नव्हता. “काका, डोळे दाखवून घ्या. आमच्या बाबांचं असंच झालं होतं. निळा शर्ट घालून यायचे आणि हिरवा म्हणून भांडायचे.”

डोळ्यांच्या डॉक्टर तरुण होत्या. दिव्याचा झोत टाकून दोन्ही डोळ्यांत बराच वेळ बघत राहिल्या. “मोतीबिंदू आहे, दोन्हीकडे. चांगला पिकलाय. पिवळसर काच लावल्यासारखं झालंय तुमचं. हळूहळू होतं, म्हणून मनाला सवय होते. निळा तर पोचतच नाही पुरता.” मग कागदावर लिहिता लिहिता त्यांनी सहज विचारलं, “काम काय करता?”

“फोटोंचे रंग बघतो,” कामठे म्हणाले.

डॉक्टरांचं पेन थांबलं.

तिथून निघून ते चालत राहिले. ऋषीचा स्टुडिओ जवळच होता, पण पाय तिकडे वळेनात. हे आजकालचं नाही, हे त्यांना कळून चुकलं होतं. पडदा पिवळा वाटायला लागला, तेव्हापासूनचं हे. तेव्हापासून दर लग्नाचा ‘शेवटचा हात’ पुढच्या लग्नावर ठेवलेला, दर वेळी निळा जरासा वाढवलेला. सोय म्हणून केलेली गोष्ट, आणि चूक एका घरातून दुसऱ्या घरात तीच घेऊन गेली. शालू लाल, मुंडावळ्या पिवळ्या, हळद, झेंडू, या सगळ्या गर्दीत निळा लपला असणार. पांढऱ्या कपड्यांतल्या एकाच लग्नात तो उघडा पडला. बाकीच्यांच्या अल्बमांचं काय? किती नवऱ्या आपल्याच लग्नात आजारी दिसत असतील? कोणीच कसं बोललं नाही? रस्ता ओलांडताना रिक्षावाल्याने शिवी हासडली, ती त्यांना ऐकूही आली नाही. शेवटी ते वळले. आपल्या तोंडाने सांगितलेलं बरं, बाहेरून कळलं तर मान वर करता येणार नाही.

ऋषीने खुर्ची ओढून दिली. पाणी मागवलं. कामठ्यांनी पाणी न पिता सगळं सांगून टाकलं. निकिताची साडी, आकडे, मोतीबिंदू. “माझी नजर गेलीय, ऋषी. तुझ्या सगळ्या पार्ट्यांची लग्नं मी निळी करून ठेवलीयेत. एकेकाला फोन करावा लागंल. मी करतो. तू मधे पडू नको.” एरवी पुण्यात तोलूनमापून बोलणारे कामठे. पण जीव घाबरा झाला की लहानपणची येवलेवाडीची बोली बाहेर येई.

ऋषी टेबलावरच्या लेन्सचं झाकण उघडत होता, बंद करत होता. “काका, कोणाला फोन करायची गरज नाही.”

“म्हंजे?”

“म्हणजे… मला माहिती होतं. वर्ष होऊन गेलं. पहिल्यांदा वाटलं, एखाद्या वेळेस झालं असेल. मग दर वेळी निळं यायला लागलं. मी तुमच्या लेअरवर माझा एक लेअर टाकतो आणि मग प्रेसला देतो. सगळे अल्बम नीट गेलेत. भीमरावांचाच तेवढा परस्पर गेला.”

आधी कामठ्यांना हायसं वाटलं, अगदी अंगातली हवा निघून जावी इतकं. मग ते ओसरलं आणि खालून दुसरंच काहीतरी वर आलं. छापून आलेला प्रत्येक अल्बम पिवळा का वाटायचा, ते आता कळलं. ते निळा वाढवायचे, हा काढायचा. ते आणखी वाढवायचे, हा आणखी काढायचा. वर्षभर हा खेळ चालला होता आणि तो चाललाय हे दोघांपैकी एकालाच ठाऊक होतं. प्रेसवाले बिचारे फुकट शिव्या खात होते.

“मग बोलला का नाहीस?”

“कसं बोलणार होतो?” ऋषी म्हणाला. “तुम्हाला रंग दिसत नाहीत, हे मी सांगू? मी?”

“सांगायचं होतं. मी काय लहान पोर हाय?”

“काका…”

“फोन करून पार्टी खूश म्हनायचास. रंग कोणी केलाय विचारतात म्हनायचास. कोणी केलावता रे?”

कामठे उठले आणि पाणी तसंच ठेवून जिना उतरले. आठवडाभर त्यांनी त्याचा फोन घेतला नाही. शैलाबाईंनी एकदा विषय काढून पाहिला, “त्याने तुमची अब्रू झाकली हो.” “माझी अब्रू झाकायची आहे, हे मला तरी कळायला हवं होतं,” ते म्हणाले आणि कूस बदलून पडून राहिले. राग ऋषीवर नव्हता, हे त्यांनाही कळत होतं. पण ज्याच्यावर होता त्याच्याशी भांडता येत नव्हतं.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली तेव्हा दवाखान्याची भिंत त्यांना इतकी पांढरी दिसली की ते थोडे दचकले. डावा डोळा मिटून बघितलं, पांढरी. उजवा मिटून बघितलं, चहा सांडल्यासारखी. रिक्षात बसल्यावर बराच वेळ ते एकेक डोळा मिटत राहिले. शेवटी शैलाबाईंनी कोपर मारलं, कारण समोरच्या स्कूटरवरच्या बाईला भलतंच वाटायला लागलं होतं.

डॉक्टरांनी संगणकासमोर बसायची परवानगी दिली, त्या दिवशी त्यांनी स्वतःहून ऋषीला बोलावलं. “वर्षभराच्या फाइली घेऊन ये. प्रेसला दिल्या त्या.”

ऋषी आला. दोघं पूर्वीसारखेच शेजारी बसले, फक्त खुर्च्यांची अदलाबदल झाली होती. ऋषीच्या हातात माउस होता. कामठ्यांनी डाव्या डोळ्यावर रुमाल धरला. पहिल्यांदा स्वतःचं काम बघितलं. काय बोलणार? कात्रजच्या एका नवरीचे ओठ जांभळे, नवऱ्याचे दात निळे. एक आजोबा तर असे दिसत होते की त्यांना लग्नाऐवजी दवाखान्यात न्यायला हवं होतं. कामठ्यांना हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यात पाणीही आलं. ऑपरेशनमुळे असेल.

“आता तुझा लाव.”

ऋषीने आपला लेअर चालू केला. आजोबा बरे झाले. कामठे पुढे वाकले. त्यांची अपेक्षा होती की याने निळा उतरवला असेल, बस. तेवढं कोणीही करतं. पण ऋषीने तेवढ्यावर सोडलं नव्हतं. हळदीचा पिवळा त्याने भडकू दिला नव्हता. ओली हळद जशी दिसते तसाच ठेवला होता. सावळ्या नवरीला उगाच गोरी न करता तिच्या गालावरचा उजेड तेवढा मोकळा केला होता, मास्कची कड कुठे कळत नव्हती. अंधारातल्या माणसांना ओढून उजेडात आणलं नव्हतं, पण ती दिसत होती.

“पुढचं,” कामठे म्हणाले. मग, “पुढचं.” एक लग्न झालं, दुसरं झालं. मधूनच ते म्हणत, “तुझा काढ. लाव. काढ. लाव.” त्यांना कुठेतरी चूक सापडायला हवी होती. एका रिसेप्शनमध्ये सापडल्यासारखी वाटली, म्हणून ते अगदी पडद्याला नाक लावून बघत राहिले. चूक नव्हती. पार्टी ज्या रंगांवर खूश होती, ते हे होते.

ते मागे टेकले. पाठ दुखत होती. आपल्या तरण्या डोळ्यांनीही आपण हे असं केलं असतं का, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि उत्तर लगेच आलं. त्यांनी डोळ्यावरचा रुमाल काढून त्याची नीट घडी घातली.

“निकिताचा अल्बम तू कर,” ते म्हणाले. “रंग तू कर. पानं मी लावतो. तिचाच नाही, इथून पुढं सगळेच.”

ऋषी गडबडला. “काका, असं काय करता? आता डोळा नीट झालाय. पुढच्या महिन्यात दुसराही होईल. आता तुम्हाला सगळं दिसतंय.”

“दिसतंय म्हणूनच सांगतोय,” कामठे म्हणाले.